नक्कल: स्तेय की ऋण?

1959 च्या सुमारास अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या क्लॅरिंडा नावाच्या लहानशा गावी, आठवडाभर शाळेत गायन शिकवणाऱ्या आणि रविवारी मेथडिस्ट चर्चच्या गायकवृंदाची धुरा वाहणाऱ्या एका शिक्षकाने, ऑस्ट्रिस विथोल या संगीतकाराचे ‘माय गॉड अँड आय’ हे छापील भक्तिगीत आपल्या मुलांच्या गळ्याला जड जाते असे पाहून त्याची नवी मांडणी केली, शाळेच्या यंत्रावर तिच्या सुमारे 48 प्रती काढल्या, एकदा शाळेत व एकदा चर्चमध्ये ते गीत गाऊन घेतले, आणि आपल्या हातून काही वावगे घडले आहे अशी पुसट शंकाही मनात नसल्यामुळे या उद्योगाची वर्दी स्वतःच पत्र लिहून हक्कदारांना दिली. हक्कदारांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने शिक्षकाचा निर्मळ हेतू लक्षात घेऊन तो फेटाळला. परंतु 1962 साली वरिष्ठ न्यायालयाने निवाडा फिरवला आणि हेतू कितीही शुद्ध असला तरी अख्ख्या रचनेची अशी नक्कल रास्त उपयोगाच्या सदरात बसत नाही, असे ठरवले. ज्याने एक पैही मिळवली नाही, ज्याने ईश्वराच्या स्तुतीखेरीज दुसरा हेतू धरला नाही आणि ज्याने कृत्य लपवले तर नाहीच, उलट आपण होऊन कळवले, त्याला चोर म्हणावयास मन धजत नाही. आणि तरीही ज्याच्या प्रतिभेचे ते अपत्य, त्याच्या हाती काहीच पडले नाही, हेही नाकारता येत नाही. या दोन जाणिवांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न वकिलाइतकाच धर्मचिंतकाचाही आहे.

योगायोग असा की, झेरॉक्स कंपनीचे 914 हे यंत्र बाजारात आले तेही 1959 सालीच. तोवर स्वरलिपीची नक्कल हा श्रमाचा विषय होता. गोव्याच्या चर्चशी संलग्न शाळांत सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य स्वरवाचन, गिरवलेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपट-ध्वनिमुद्रणगृहांत गेले, तेव्हा व्हायोलिनचा भाग वेगळा, चेलोचा वेगळा, अशी पाने हातांनीच उतरवली जात, आणि एकेक टिंब जागेवर बसवताना उतरवणाऱ्याला रचना अर्धी पाठ होऊन जाई. हाताच्या नकलेला तिच्या कष्टांचीच मर्यादा होती. यंत्राने ती काढून टाकली. आज कोणत्याही गायकवृंदाच्या पिशवीतील झेरॉक्सचे पान हाती घेऊन पाहावे: डाव्या कडेला पुस्तकाच्या शिवणीची काळी सावली पडलेली असते, पहिल्या सुरावटीची आरंभीची दोन चिन्हे त्या सावलीत बुडालेली असतात, आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली स्वामित्वाची ओळ बहुधा अर्धी कापलेली असते. यंत्राचा यात काही कावा नाही. मोठ्या आकाराचे पान लहान कागदावर घेताना कडा जाते, एवढेच. पण जी कडा जाते तिच्यावर नेमके हक्कदाराचे नाव असते, आणि गाणाऱ्याला त्याची उणीव भासत नाही.

तर मग याला स्तेय म्हणावे काय? योगसूत्रांवरील व्यासभाष्यात स्तेयाचे जे लक्षण दिले आहे त्याचा आशय असा, की शास्त्राला सोडून दुसऱ्याकडून द्रव्याचा स्वीकार करणे हे स्तेय, आणि मनातूनही तशी स्पृहा नसणे हे अस्तेय. येथे ‘द्रव्य’ या पदापाशी नैयायिक अडून बसेल. न्याय-वैशेषिक मतात शब्द हे द्रव्यच नव्हे. तो आकाशाचा गुण आहे. घट उचलून नेता येतो, घटाचे नीलत्व उचलून नेता येत नाही. मग आकाशाच्या गुणाचा अपहार कोण आणि कसा करणार? छापील पुस्तक दुकानातून लंपास केले तर दुकानदाराकडे एक पुस्तक कमी होते; पण पुस्तकाच्या पानाची झेरॉक्स काढली तर कोणाच्याही फडताळातून काही कमी होत नाही. ज्याचे गेले त्याच्याकडे ते अजून आहेच, अशी ही विलक्षण चोरी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1985 साली, एल्व्हिस प्रेस्लीच्या गाण्यांच्या बेकायदा ध्वनिमुद्रिकांच्या एका खटल्यात, स्वामित्वहक्काचा भंग करणारी वस्तू ही चोरीच्या मालासंबंधीच्या त्या कायद्यापुरती ‘चोरीचा माल’ ठरत नाही, असा निवाडा दिला. भंग हा गुन्हा खराच, परंतु तो चोरीहून निराळ्या जातीचा आहे, हे जे नैयायिकाने तर्काने गाठले असते, तेच न्यायाधीशांनी कलमांच्या वाटेने गाठले.

अर्थात अमूर्त वस्तूची चोरी आपल्या परंपरेला अगदीच अपरिचित होती असे नाही. कोणी वेदपठण करीत असता, त्याची अनुज्ञा न घेता ते ऐकून जो वेद शिकतो, त्याला मनुस्मृतीने ब्रह्मस्तेयाचा दोष लावला आहे आणि त्याला नरकाची गती सांगितली आहे. वरवर पाहता हा आजच्या कायद्याचाच पूर्वज वाटावा. परंतु दोहोंच्या पोटात शिरून पाहिले की साम्य संपते. ब्रह्मस्तेयाचा नियम विद्येच्या भोवती कुंपण घालतो: विद्या कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, हा त्याचा सवाल, आणि त्या कुंपणाबाहेर ज्या असंख्यांना शतकानुशतके राहावे लागले त्यांचा इतिहास महाराष्ट्राला सांगावयास नको. स्वामित्वहक्काचा सवाल निराळा आहे. तो कोणालाही गाऊ नको म्हणत नाही, शिकू नको म्हणत नाही. गाणे ज्याने रचले त्याचा योगक्षेम कोणी चालवायचा, एवढेच तो विचारतो. गायकवृंदासाठीची छापील प्रत विकली गेली की तिच्या किमतीपैकी दहा टक्क्यांच्या आसपास मानधन रचनाकाराला मिळावे, ही पाश्चात्त्य प्रकाशनव्यवहारातील सामान्य रीत आहे. एकेका प्रतीमागे पडणारी ही रक्कम इतकी क्षुद्र असते की ती बुडवणाऱ्याला आपण काही बुडवले असे वाटतच नाही; आणि अशा अनेक क्षुद्र रकमांवरच एका माणसाचे घर चालत असते.

आता धर्माचा खास मुद्दा. पूजेसाठी केलेले कृत्य पूजेमुळे शुद्ध होते काय? या प्रश्नावर गौतमधर्मसूत्राच्या बाराव्या अध्यायात एक मार्मिक सूत्र आहे. गायीसाठी गवत, अग्नीसाठी इंधन आणि वेलीवृक्षांची फुले माणसाने आपलीच समजून घ्यावीत, असे तेथे सांगितले आहे. फळांना मात्र एक अट घातली आहे, ती ही की झाड कुंपणाच्या आतले नसावे. पहाटे शेजाऱ्याच्या फाटकावरून हात घालून जास्वंद तोडणाऱ्या आपल्याकडील भाविकांना सूत्राचा पूर्वार्ध ठाऊक नसूनही पाठ असतो. उत्तरार्ध तेवढा त्यांच्या कानी गेलेला नसतो. आणि नवल हे, की आधुनिक कायद्यानेही नकळत तीच रेषा आखली आहे. अमेरिकेच्या 1976 च्या कायद्यात उपासनास्थळी उपासनेच्या ओघात गायिलेल्या गीताला माफी आहे. आपल्या 1957 च्या कायद्यातही प्रामाणिक धार्मिक समारंभात केलेल्या प्रयोगाला ती आहे, इतकी की विवाहाची वरातसुद्धा तिच्यात धरली आहे. पण ही माफी गाण्याला आहे, गाण्याच्या प्रती काढण्याला नाही. हवेत विरणारा स्वर फुलासारखा मोकळा सोडला. कागदावर टिकणारी प्रत कुंपणातल्या फळासारखी धन्याची राहिली. आपल्या कायद्यात खासगी उपयोगाला आणि अध्यापनाला स्वतंत्र सवलती आहेत, आणि दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी लावलेल्या दाव्यात 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनाच्या सवलतीचा अर्थ उदारपणे लावला. परंतु पुस्तकातले पान अभ्यासासाठी उतरवणे आणि रविवारच्या गायनासाठी तीसचाळीस प्रती काढणे ही दोन कृत्ये एकाच मापाने मोजता येत नाहीत.

या रेषेकडे दुर्लक्ष केले की काय होते, ते चिकागोत दिसले. व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेनंतर कॅथलिक उपासना लॅटिनमधून लोकभाषेत आली, नव्या इंग्रजी गीतांची एकाएकी निकड भासू लागली, आणि ठिकठिकाणच्या पॅरिशांनी छापील संग्रहांतून गीते वेचून आपापल्या घरगुती गीतपुस्तिका तयार केल्या. त्या गीतांच्या एका प्रकाशकाने 1976 साली तेथील धर्मप्रांतावर फिर्याद केली. 1984 साली ज्यूरीने तीस लाख डॉलरांहून अधिक नुकसानभरपाई ठरवली, आणि पुढच्याच वर्षी वरिष्ठ न्यायालयाने तिचा मोठा भाग रद्द केला. या खटल्यातील आकड्यांपेक्षा त्यातील मनोवृत्ती अधिक बोलकी आहे. देवळातल्या समईच्या तेलाचे पैसे आपण देतो, हार गुंफणाऱ्याला देतो, कीर्तनकाराच्या हातावर बिदागी ठेवतो, चौघडा वाजवणाऱ्यांच्या पोटासाठी एके काळी वतने लावून दिली होती. आणि ज्या पदाने सभामंडप भरून जातो ते पद रचणाऱ्याची पाळी आली म्हणजे तेवढे मात्र देवाचे काम, त्याचे कसले मोल, असे म्हणतो. हे वैराग्य दुसऱ्याच्या खर्चाने केलेले आहे. देवाला अर्पण करावयाची वस्तू आधी आपली असावी लागते. दुसऱ्याच्या वतीने केलेल्या अर्पणाचे पुण्य कोणत्या खाती जमा करावे, हे चित्रगुप्तालाही कोडे पडेल.

तेव्हा चोरी म्हणावे तर तर्क आड येतो, निर्दोष म्हणावे तर न्यायबुद्धी आड येते. वाट तिसरीकडून आहे. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, म्हणजे ज्या अठरा कारणांनी माणसे राजद्वारी येतात, त्यांत स्तेयाला जागा आहेच. पण त्या यादीत सर्वप्रथम येते ते ऋणादान, घेतलेल्या ऋणाची वसुली, आणि स्तेयाच्या पुष्कळ आधी येतो संविदेचा व्यतिक्रम, म्हणजे समूहाने केलेल्या कराराचा भंग. माझ्या मते स्वरलिपीच्या अनधिकृत नकलेचा न्याय या दोन पदांखाली व्हावयास हवा. जो प्रत काढतो तो काही हरण करीत नाही. तो देणे लागतो. आणि हे देणे निसर्गाने लादलेले नसून समाजाने आपसांत ठरवलेल्या एका करारातून, मुदतबंद रीतीने, उत्पन्न होते. करार मानवी आहे म्हणून तो मोडण्यास मोकळीक मिळते असे नाही. पण तो मानवी आहे एवढ्याचसाठी त्याला नरकाची भाषा शोभत नाही.

या दृष्टीने पाहिले म्हणजे पुष्कळ कोडी उलगडतात. संगीतकार बेला बार्तोक 1945 साली वारला. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क चालतो, म्हणून त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चौकडीचे पान 2006 पासून मुंबईत निर्वेधपणे उतरवता येत होते. युरोपात 70 वर्षांची मुदत असल्यामुळे तेच पान व्हिएन्नात उतरवणारा 2015 अखेर दोषी ठरला असता. पाप नकाशा पाहून बदलत नाही. कराराच्या अटी मात्र प्रांतोप्रांती बदलतात, आणि देणे बदलले म्हणून कोणी विस्मित होत नाही. तसेच तातडीच्या प्रतीचे. अमेरिकेत 1976 साली संगीतशिक्षकांच्या व प्रकाशकांच्या संस्थांनी मिळून काही मार्गदर्शक नियम ठरवले; त्यांत एक नियम असा, की विकत घेतलेल्या प्रती ऐन कार्यक्रमाच्या तोंडावर काही कारणाने हाताशी नसतील तर झेरॉक्स काढून वेळ निभवावी, मात्र यथावकाश विकतच्या प्रती आणून त्या जागी ठेवाव्यात. महाभारताच्या शांतिपर्वात दुष्काळाने गांजलेला विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याचे मांस उचलतो, त्या आपद्धर्माचाच हा सौम्य, कारकुनी अवतार आहे; फरक एवढाच की विश्वामित्राला परतफेडीची अट नव्हती, आणि गायकवृंदाला आहे. संकटाने घेण्याची मुभा दिली, देणे माफ केले नाही. ऋणाच्या विचारात ही गोष्ट सहज बसते. चोरीच्या विचारात ती कोठेच बसत नाही, कारण उद्या भरून देईन असे म्हणून केलेली चोरीही चोरीच राहते.

मात्र ऋण एकाच प्रकारचे नसते. माणूस जन्मतःच ऋषींचा ऋणी असतो आणि ते ऋण अध्ययन-अध्यापनाने फेडायचे असते, अशी आपली जुनी धारणा आहे. म्हणजे विद्या दुसऱ्याला पोचवणे हीच येथे फेड. सेबास्टियन बाख दहाव्या वर्षी पोरका होऊन वडील भावाच्या घरी राहिला. त्या भावाने कुलपात ठेवलेले तत्कालीन थोर रचनाकारांच्या कृतींचे हस्तलिखित जाळीच्या दारातून लहानगे हात घालून त्याने बाहेर काढले आणि सहा महिने चंद्रप्रकाशात उतरवून घेतले, असे त्याच्या 1754 मध्ये छापलेल्या मृत्युलेखात नमूद आहे. भावाने ती नक्कल जप्त केली. जगाने त्या मुलाला आजवर चोर म्हटले नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण पुढील अर्धशतकात त्याने ते ऋण असे फेडले की धनकोंची नावे आज बव्हंशी त्याच्यामुळे लक्षात राहिली आहेत. पण याच बाखचा धाकटा मुलगा योहान ख्रिस्तियान लंडनमध्ये संगीतावर पोट भरू लागला, तेव्हा त्याच्या रचना परस्पर छापणाऱ्या व्यापाऱ्यांवर त्याने दावा लावला, आणि 1777 साली न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डने छापील संगीत हेही 1710 च्या कायद्याने संरक्षिलेले लेखन आहे, असा निर्णय दिला. बाप लपून उतरवतो, मुलगा उतरवणाऱ्याला न्यायालयात खेचतो. या दोहोंत विसंगती नाही: बाप शिकत होता, व्यापारी विकत होते, बापाने ऋषिऋण काढले होते, व्यापाऱ्यांनी रोख देणे बुडवले होते.

आपल्याकडे हे दोन्ही प्रकार एकाच माणसाच्या कार्यात एकवटलेले दिसतात. विष्णु नारायण भातखंडे यांचा पेशा वकिलीचा. हक्क आणि कबुलीजबाब यांचे मोल त्यांना शिकवावे लागले नसते. देशभर हिंडून, घराण्यांनी पिढ्यानपिढ्या जिवापाड जपलेल्या चिजा त्यांनी मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत कोणालाही विकत घेता येतील अशा करून ठेवल्या. लाहोरला 1901 साली गांधर्व महाविद्यालय स्थापणाऱ्या विष्णु दिगंबर पलुसकरांनीही स्वरलिपीची पुस्तके छापली, आणि विद्येच्या या प्रसारापायी झालेल्या कर्जात मुंबईतील आपल्या वास्तूवर पाणी सोडले. या दोघांमुळे मध्यमवर्गाच्या मुलामुलींना जे गाणे दिवाणखान्याबाहेर उभे राहूनही ऐकू येत नव्हते ते हाती आले, हे ऋषिऋणाचे फेडणे. परंतु ज्या उस्तादांच्या मुखातून त्या चिजा आल्या त्यांच्या वारसांना पुस्तकांच्या विक्रीतून हक्काने काय मिळाले असते? कायद्याच्या भाषेत, काहीच नाही. आणि तेही केवळ त्या काळापुरते नव्हे. आपल्या 1957 च्या कायद्याने संगीतकृती म्हणून ओळखले ते छापलेल्या किंवा लेखनबद्ध केलेल्या संगीतालाच, त्यामुळे कंठात राहणाऱ्या रचनेला 1994 च्या दुरुस्तीपर्यंत कायद्याचा आधार नव्हता. ज्याने लिहिले त्याचे, ज्याने नुसते गायिले त्याचे नाही, हा पक्षपात कायद्याने अनेक वर्षे बाळगला. आणि स्वरलिपीच्या हक्कांवर प्रवचन करणाऱ्याने, छापील पानाच्या मागे असे कितीतरी न लिहिलेले देणे थकलेले असते, हे विसरू नये.

यावर कोणी म्हणेल, की मग महात्मा गांधींचाच कित्ता का गिरवू नये? ‘हिंद स्वराज्य’च्या 1910 च्या इंग्रजी आवृत्तीवर त्यांनी हक्क राखून ठेवलेले नाहीत असे छापले होते, हे खरे, आणि येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी अस्तेयाचा अर्थ इतका विस्तारला, की गरजेपलीकडे वस्तू बाळगणे हीही चोरी आणि दुसऱ्याला सुचलेला विचार आपला म्हणून मिरवणे हीही चोरी ठरली. पण पुढे त्यांनीच आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन न्यासाकडे सोपवले, हेही तितकेच खरे. यातून निष्पन्न होते ते एवढेच, की माफी देण्याचा अधिकार धनकोचा आहे. त्याने सोडले तर ते दान. ऋणकोने परस्पर सोडवून घेतले तर त्याला कोणत्याही बखरीत दान म्हटलेले नाही. म्हणून ज्या वृंदापाशी पैसे नाहीत त्याने प्रकाशकाला एक पत्र लिहावे. मंडळीने गाण्याच्या गीतांसाठी अमेरिकेत 1988 पासून वार्षिक परवान्याची सोय झाली, जरी गायकवृंदाच्या अनेकस्वरी छापील रचना तिच्या कक्षेत येत नाहीत. तोही मार्ग नसेल तर मुदत संपलेल्या संगीताचे जे अफाट भांडार मोकळे पडले आहे त्यातून निवड करावी. परमेश्वराला अमुकच गीत हवे असा काही हुकूम नाही.

येथवर ऋणकोचा धर्म सांगितला. पण नकलेला ऋण म्हटल्यावर धनकोही नियमांतून सुटत नाही, आणि हाच या विचाराचा मोठा लाभ आहे. फुलांचे सूत्र ज्या अध्यायात आहे त्याच अध्यायात, थोडे पुढे, गौतमाने सांगून ठेवले आहे की ऋण कितीही दीर्घकाळ थकले तरी मुद्दलाची दुप्पट झाल्यावर वाढ थांबावी. हाच आपला दामदुपटीचा नियम. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो ब्रिटिश अमलातही मानला, कारण सावकाराचा हक्क मान्य करणे म्हणजे त्याला अमर्याद करणे नव्हे, हे येथील कुणब्याने आपल्या रक्ताने शिकवले होते. स्वामित्वहक्काची मुदत मात्र उलट्या दिशेने चालली आहे: रवींद्रनाथांच्या ग्रंथांची मुदत संपत आली तेव्हा आपण 1992 साली 50 ची 60 वर्षे केली, अमेरिकेने 1998 साली आणखी 20 वर्षे वाढवली, आणि दर वाढीगणिक देणे रचनाकाराकडून त्याच्या मुलांकडे, नातवंडांकडे व अखेर ज्यांनी एक स्वरही रचला नाही अशा कंपन्यांकडे वाहत गेले. जी रचना प्रकाशक स्वतः छापत नाही, दुसऱ्याला छापू देत नाही आणि विचारणेच्या पत्राला उत्तरही देत नाही, तिच्यावरील त्याचा तगादा व्यवहारात चालेल, धर्मात चालणार नाही. हयात संगीतकाराच्या प्रतीचे मोल गायकवृंदाने शेवटच्या पैपर्यंत चुकवावे, आणि तितक्याच निःशंकपणे समाजाने कायदेमंडळाकडे दामदुपटीची मर्यादा मागावी. पहिले कर्तव्य टाळणाऱ्याला दुसरे मागण्याचा अधिकार उरत नाही, आणि दुसरे नाकारणाऱ्या धनकोला पहिल्याची नैतिक दवंडी पिटता येत नाही.